रेसिंग सूटला पक्की टीप

आधीच माफी मागतो. लेख लिहायला काही अधिकार लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील कडकोळच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतात. घरात आम्ही मराठी बोलतो, पण माझी शाळा कन्नड माध्यमाची. मराठी लिहायला मी फार उशिरा, स्वतःच्या हौसेने शिकलो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘तुझ्या कामातलं काहीतरी लिही’ असं मला सांगितलं, तेव्हा माझं काम लिहिण्यासारखं आहे का, हाच प्रश्न मला पडला. कॉलेज सुटल्यावर मी जयलक्ष्मीपुरममधल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात असतो. पोहण्याच्या सामानाचा काउंटर माझ्याकडे आहे. त्या काउंटरवर घडलेली एक गोष्ट जमेल तशी सांगतो. भाषेत चूक दिसली तर सांभाळून घ्यावं.

काउंटरच्या पलीकडे विठ्ठलराव उभे होते. चामराजपुरममध्ये त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे युनिफॉर्म, सफारी, ब्लाउज, सगळं शिवतात. बरोबर त्यांची मुलगी नेत्रा होती. ती ब्रेस्टस्ट्रोक पोहते. बंगळुरूच्या राज्य स्पर्धेसाठी तिला रेसिंग सूट हवा होता. मुलींची मापं आमच्या दुकानात रूपा अक्का घेतात. त्या माझ्या सीनियर. त्या नेत्राला ट्रायल रूममध्ये घेऊन गेल्या आणि विठ्ठलराव माझ्याशी कन्नडमध्ये बोलत राहिले. मध्येच माझा मोबाईल वाजला. आई होती. “नंतर करतो गं,” म्हणून मी फोन ठेवला.

“थांब थांब,” विठ्ठलराव म्हणाले. “घरी मराठी बोलता होय?”

“हो काका.”

“मग सांगायचं नाही का, मरी! मघापासनं कन्नड झाडायलोय मी.” मरी म्हणजे बाळा.

मग ते काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. माझ्या वडिलांचं नाव, गल्ली, आजोळ सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, “आता सांग बघू. एवढासा कपडा, आणि भाव लग्नाच्या शालूचा. काय हाय काय त्यात?”

हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. सरावाचा कॉस्ट्यूम वेगळा आणि शर्यतीचा वेगळा. सरावाचा रोज क्लोरीनच्या पाण्यात बुडतो, त्यामुळे तो टिकाऊ लागतो. शर्यतीच्या सूटला पोहणारी मुलं टेक सूट म्हणतात. मुलींचा खांद्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत असतो. तो अंगाला आवळून धरतो, म्हणजे स्नायू थरथरत नाहीत आणि पाण्यात शरीर सरळ राहतं. कापडावर एक थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही, वरून घसरून जातं. हा थर नाजूक असतो. थोड्याच शर्यतींत तो जातो, मग सूटचा उपयोग संपतो.

मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो शर्यतीचा. आमच्याकडे तेव्हा दोन प्रकारचे सूट होते. एक कडक, अंग जास्त आवळणारा. फ्रीस्टाइलवाले तोच मागतात. दुसरा कंबरेला आणि मांडीला थोडा सैल, ताणला जाणारा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बेडकासारखे बाजूला फाकवून मारावे लागतात. कडक सूटमध्ये ते जड जातं. नेत्राच्या कोचने कडक सूट लिहून दिला होता. मला बोलायचा धीर होत नव्हता, कारण कोच म्हणजे कोच. रूपा अक्कांनी दोन्ही घालून बघायला लावले. नेत्रा दुसऱ्या सूटमध्ये उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली आणि आतूनच ओरडली, “हाच पाहिजे.” मग तिनेच कोचला फोन केला आणि ते ‘तुला बरं वाटतंय ना, मग घे’ म्हणाले. माझी भीती फुकट गेली.

“एक साइज मोठा दे,” विठ्ठलराव म्हणाले. “पोर वाढतीय अजून.”

“नाही काका, हा घट्टच लागतो. ढिला असला की आत पाणी भरतं.”

“किती घट्ट?”

“चढवायलाच बराच वेळ लागतो. नखं न लावता, बोटांच्या मागच्या बाजूने थोडा थोडा वर सरकवायचा.”

“अय्यो! मग काढायला कोण, फायर ब्रिगेड?”

आतून नेत्राचा आवाज आला, “अप्पा, बास की आता!”

साइजचं त्यांना पटलं. “ब्लाउजसारखंच हाय म्हण की. अंगाबरोबर पाहिजे.” मग त्यांनी काउंटरवरचा नवा सूट उलटा केला, ट्यूबलाइटखाली धरला आणि काखेपासून खाली अंगठा फिरवत नेला. पुन्हा वर आणला.

“ह्याला शिलाई कुठाय?”

ती नसतेच. दोऱ्याचा उंचवटा पाण्याला अडवतो, आणि सुईच्या भोकांतून पाणी आत जातं. म्हणून कापडाच्या कडा एकमेकींवर ठेवून उष्णतेने दाबून चिकटवतात. त्याला बाँडेड सीम म्हणतात. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

“म्हणजे डिंकानं चिकटवलंय?”

“डिंक नाही काका. ते वेगळं असतं.”

“पाण्यात सुटलं तर?”

“नाही सुटत.”

“पोरीच्या अंगावर सुटलं तर? एवढ्या लोकांसमोर?”

“नाही सुटत काका. मोठमोठ्या स्पर्धांत हेच घालतात.”

“सरि, सरि,” ते म्हणाले. मी ते ‘बरं’ समजलो. गरम पाण्यात घालू नका, साबण लावू नका, पिळू नका, उन्हात वाळवू नका, हे मी नेहमीप्रमाणे सांगितलं. नेत्रा मान डोलावत होती. विठ्ठलराव अजून त्या जोडाकडेच बघत होते.

बिल होईपर्यंत नेत्रा माझ्याशी थोडं बोलली. हे तिचं ज्युनिअर गटातलं शेवटचं वर्ष. या स्पर्धेतून राज्याच्या संघात नाव आलं तर पुढे पोहायचं. नाही आलं तर पोहणं बंद आणि पी.यू.सी.चा, म्हणजे अकरावी-बारावीचा, अभ्यास. घरात तसं ठरलं होतं. तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती एकटीच दुकानात आली. थेट सरावाहून आली होती, केस ओले होते. नवा सूट शर्यतीआधी एकदा तरी पाण्यात घालून बघतात, नाहीतर ऐन वेळी अंगाला परका वाटतो. तसा तिने तो घातला होता.

“काखेत काहीतरी टोचतंय,” ती रूपा अक्कांना म्हणाली. “आणि बाजूनं पाणी आत येतंय.”

रूपा अक्कांनी सूट काउंटरवर उलटा पसरला. जोडावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “संतोष, इल्लि बा.” मी जवळ गेलो.

काखेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत, दोन्ही बाजूंना, जोडाच्या दोन्ही कडांनी दुहेरी टीप मारलेली होती. काळ्या कापडावर काळा दोरा. कुठे सुरकुती नाही, कुठे टाका लांब-आखूड नाही. कारखान्यातच घातली असावी इतकी सरळ. खरं सांगायचं तर त्या सूटवर ती टीपच सगळ्यात सुबक दिसत होती.

आमचे मालक मंजुनाथ सर आतून आले. त्यांनी सूट उचलून डोळ्यांजवळ नेला.

“यारु माडिद्दु इदु?” कोणी केलं हे?

“अप्पांनी,” नेत्रा म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्यांच्या घरी बाहेरून आणलेला कुठलाच कपडा तसाच अंगात घालत नाहीत. शिंप्याचं घर. रेडिमेड शर्ट असो, भाच्याचं झबलं असो, कुणी आहेरात दिलेला ड्रेस असो, आधी तो विठ्ठलरावांच्या मशीनवर जातो. ते त्याला पक्की टीप मारतात, मगच तो घालायचा. तिच्या आजोबांपासूनची पद्धत. कारखान्याची शिलाई म्हणजे नुसती दाखवायची, असं त्यांच्या घरात सगळेच मानतात. आणि इथे तर दाखवायलाही शिलाई नव्हती. विठ्ठलरावांनी या कापडासाठी मुद्दाम बारीक सुई आणली, ताणला जाणारा दोरा आणला, आधी जुन्या कॉस्ट्यूमवर टीप मारून बघितली, आणि रविवारी दुकान बंद ठेवून हे काम केलं.

या सूटला शिलाई का नसते, हे मी त्यांना नीट समजावलं होतं. शिलाई करू नका, हे वाक्य मात्र त्यात नव्हतं. ते आमच्या कुठल्या सूचनेत छापलेलंही नाही. आता मी सूट पिशवीत घालण्याआधी तेच पहिलं सांगतो. लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

“उसवलं तर?” नेत्राने विचारलं.

“दोरा निघेल, भोकं राहतील,” मी म्हणालो. “आणि कॉल रूममध्ये अडवतील.” कॉल रूम म्हणजे शर्यतीआधी पोहणाऱ्यांना बसवतात ती खोली. तिथे पंच सूट तपासतात. मागच्या बाजूला मान्यतेचा शिक्का आहे का, आणि सूट कारखान्यातून आला तसाच आहे का, या दोन्ही गोष्टी बघतात. स्वतः काही फेरफार केलेला सूट चालत नाही. फेरफाराने वेग वाढला की कमी झाला, हे कोणी विचारत नाही.

मंजुनाथ सरांनी बंगळुरूच्या डीलरला फोन लावला. त्या मापाचा सूट त्यांच्याकडे नव्हता. मागवला तर स्पर्धेनंतर येणार होता.

“तुझ्या वडिलांना बोलाव,” सर नेत्राला म्हणाले. “समोरासमोर बोलू.”

“नको सर. अप्पांना ह्यातलं काही कळू देऊ नका.”

“का? केलंय त्यांनीच ना?”

नेत्राने सूट घडी करायला घेतला. तिची बोटं टिपेवरच थांबली.

“ते माझी स्पर्धा बघायला कधीच येत नाहीत, सर. तिथं सगळे इंग्लिश बोलतेत, मला काय कळतंय त्यातलं, म्हणतेत. मला गेटपाशी सोडून परत जातात. ह्या खेपेला येतो म्हणालेत. आईला म्हणाले, आता माझी टीप हाय तिच्या अंगावर, मला बघायलाच पाहिजे.”

मी काउंटरवरचे गॉगल उगाचच सरळ करत होतो.

“ट्रायल पीस आहे की,” रूपा अक्का म्हणाल्या.

ट्रायल पीस म्हणजे माप बघण्यासाठी दुकानात ठेवलेला सूट. तो विकत नाहीत. त्याच मॉडेलचा, काळाच, आणि नेत्राच्या मापाचा होता, कारण ते माप सगळ्यात जास्त लागतं.

“तो दिला तर पुढच्या गिऱ्हाइकाला काय दाखवू?” सर म्हणाले. “माझी बनियन?”

“तुमची बनियन कुणालाच बसायची नाही, सर.”

“रूपा, तू माझ्याकडे नोकरीला आहेस.”

“होय सर. म्हणूनच सांगतेय.”

शेवटी सरांनी ट्रायल पीस बाहेर काढायला सांगितला. मी तो तपासला. शिक्का जागेवर होता. पाण्यात तो कधी गेला नव्हता. पण अनेक मुलींनी चढवून-उतरवून कंबरेला तो किंचित सैल झाला होता आणि मांडीवरचा थर मंद पडला होता. मी ते लपवलं नाही.

“नव्याइतका चालणार नाही,” मी नेत्राला म्हणालो. “थोडा फरक पडेल.”

“किती?”

“ते मला सांगता येत नाही.” आणि खरंच सांगता येत नव्हतं.

“कॉल रूममध्ये अडवतील?”

“नाही.”

“मग बास.”

मंजुनाथ सरांनी दोन अटी घातल्या. सूट परत आणायचा, आणि नाव आलं तर दुकानात येऊन फोटो काढायचा, मागे दुकानाचा बोर्ड दिसेल असा. नेत्रा हसली. मी तिला आमच्या दुकानाची पातळ प्लॅस्टिकची पिशवी दिली. पायाला पिशवी घालून त्यावरून सूट सरकवला की तो पटकन चढतो आणि ताणही कमी पडतो. तिला ते ठाऊक होतं, तरी तिने पिशवी घेतली.

बॅगेत तिने ट्रायल पीस टॉवेलच्या खाली ठेवला आणि टिपेचा सूट सगळ्यात वर.

“अप्पा बॅग उघडून बघतात,” ती म्हणाली.

ती गेल्यावर मला बरं वाटत नव्हतं. आम्ही कोणी खोटं बोललो नव्हतो, फक्त गप्प राहायचं ठरलं होतं. तरी एका माणसाला दुसऱ्याच सूटसाठी टाळ्या वाजवायला बंगळुरूला पाठवतोय, असं वाटत राहिलं. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “गप बस. लेक बघायला बाप चालला, ते काय कमी हाय?” तेवढ्यावर मी अभ्यासाला बसलो.

स्पर्धा झाली. बातमी काही आली नाही. मी नेटवर शोधलं, निकाल सापडला नाही. शिवाय राज्याचा संघ लगेच ठरत नाही. सगळ्यांच्या वेळा बघून निवड समिती नंतर नावं काढते. बिलावर नेत्राच्या घरचा नंबर होता. पण गिऱ्हाइकाने बिलासाठी दिलेल्या नंबरवर स्वतःच्या उत्सुकतेपोटी फोन करणं मला योग्य वाटेना. ट्रायल पीसही परत येईना. मंजुनाथ सर रोज शटर उघडता उघडता विचारायचे, “निन्न चॅम्पियन एल्लि?” तुझी चॅम्पियन कुठे आहे? मी म्हणायचो, येईल सर. मधल्या काळात त्या मापाच्या एका मुलीला आम्हाला नुसत्या टेपने माप घेऊन सूट द्यावा लागला. सरांनी ते मला दिवसभर ऐकवलं.

माझी खात्री होत चालली होती की नाव आलं नाही. आलं असतं तर फोटो काढायला तरी ती आली असती. ट्रायल पीसच्या त्या मंद थराचा विचार सारखा डोक्यात यायचा.

मग एका संध्याकाळी एक बाई आल्या. इथलीच, गोकुळम रस्त्यावरची ओळख निघाली. घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांची मुलगी नेत्राच्याच क्लबमध्ये पोहते.

“नेत्रानं घातला होता ना, तसलाच सूट दाखव,” त्या म्हणाल्या. “अगदी तोच हं.”

“नेत्राचं काय झालं, काकू?” मी विचारलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“म्हणजे? तुला माहीत नाही? स्टेट टीममध्ये नाव आलं की! परवाच कळलं. स्पर्धेनंतर सरावाला बंगळुरूलाच थांबली होती, तिथूनच नॅशनलच्या कॅम्पला गेली, घरी सुद्धा आली नाही.”

रूपा अक्कांनी ट्रायल रूमचा पडदा सोडून माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो बहुतेक. मंजुनाथ सर केबिनमधून “फोटो! फोटो!” करत बाहेर आले. त्या गडबडीत काकू आणखी काहीतरी सांगत होत्या, ते माझ्या कानावरून गेलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

“म्हटलं, बिल लवकर कर. जाता जाता मला चामराजपुरमला थांबायचंय.”

“चामराजपुरमला?”

“अरे, विठ्ठलरावांकडे. सूट तसाच घालायचा नसतो म्हणे. ते पक्की टीप मारून देतात, तेव्हा कुठं त्याला जोर येतो. स्वतः बघून आले ना ते, लेक कशी गेली पाण्यात. आमच्या क्लबमधल्या दोन पोरींचे सूट कालच दिलेत त्यांच्याकडे.” त्यांनी पर्स उघडली आणि आवाज थोडा खाली आणला. “आणि पैसे घेत नाहीत बिचारे. म्हणतात, सगळीच पोरं पुढं जाऊ देत.”